अख्खं फायबरग्लास सालीसारखं निघून आलं

फायबरग्लासच्या कामात मला १४ वर्षं झाली, टाक्या, बोटींचे पार्ट, मशीनची कव्हरं सगळं केलंय, पण हौस म्हणून रॉकेट उडवणारी पोरं वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच आली. तीन मुलं, एक मुलगी, आणि हातात पुठ्ठ्याची ४ इंची ट्यूब, ९० सेंटीमीटर लांब. आधीच्या रॉकेटचं पॅराशूट वेगात असतानाच उघडलं आणि त्याच्या दोरीने ट्यूब वरून खाली चिरत नेली, म्हणून आता नव्या ट्यूबवर ग्लास, म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन, चढवायचं होतं. मी म्हटलं मग कार्बन फायबरच का नको, तर मुलगी म्हणाली, सर आत ट्रॅकर आहे, कार्बनमधून त्याचा सिग्नल बाहेर येणार नाही. अभ्यास करून आली होती पोरं, बरं वाटलं.

हिशोब सोपा होता. ट्यूबचा घेर ३२ सेंटीमीटर, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) कापडाचे दोन वेढे आणि थोडा ओव्हरलॅप, म्हणजे कापड १२० ग्रॅमच्या आसपास आणि रेझिनही तेवढंच. एक जण म्हणाला तीन वेढे घेऊ. पण ही मागची ट्यूब, तिथे वजन वाढलं की रॉकेटचा तोल मागे सरकतो आणि ते सरळ जात नाही, हे त्यालाच कागदावर मांडायला लावलं, मग दोनवर आला.

लेअप, म्हणजे कापड आणि रेझिनचे थर चढवणं, मात्र मी मन लावून केला. ट्यूबची तोंडं टेपने बंद, कारण आत एक ओघळ जरी गेला तरी कपलर, म्हणजे दोन ट्यूब जोडणारा आतला तुकडा, बसत नाही. पाच मिनिटांत सेट होणारं एपॉक्सी रेझिन इथे उपयोगाचं नाही, लॅमिनेटिंगचं पातळ लागतं, आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, कपात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून हातात गोळा होतो. आधी ट्यूबवर पातळ हात, मग कापडाची कड सरळ चिकटवून ट्यूब फिरवत फिरवत वेढा, ब्रश मधून बाहेर. पांढरट दिसलं तर कोरडं राहिलंय, काचेसारखं चकाकलं तर रेझिन जास्त झालंय, कापड पारदर्शक होऊन त्याची वीण दिसत राहिली पाहिजे. नंतर हळू फिरणाऱ्या मोटरवर लावून ठेवलं, नाहीतर सगळं रेझिन खालच्या बाजूला उतरतं. कडेचं जादा कापड चामड्यासारखं झालं की ब्लेडने कापलं. दिसायला इतकं सुंदर झालं होतं की आमचे सीनियर पण थांबून बघून गेले.

दुसऱ्या दिवशी फिनसाठी, म्हणजे रॉकेटच्या शेपटीच्या पंखांसाठी, स्लॉट कापायला घेतले. पहिल्याच कापाला कड उचलली गेली, नख घातलं तर नख आत गेलं, आणि मग ओढलं तसं सगळं निघतच आलं. आतून पाहिलं तर पुठ्ठ्याच्या तिरक्या सांध्याची रेघ ग्लासवर जशीच्या तशी उमटलेली, काही ठिकाणी पातळ कागद चिकटून आलेला, बाकी सगळं गुळगुळीत. म्हणजे ट्यूबवरचा ग्लासिनचा, म्हणजे गुळगुळीत कागदाचा, चकचकीत थर काढलाच नव्हता. त्याच्यावर एपॉक्सी धड धरत नाही, आणि जिथे धरतं तिथे तो कागदच पुठ्ठ्यावरून सुटतो.

मी विचारलं होतं, घासलंय ना? हो सर. २२० च्या पॉलिश पेपरने वरवर हात फिरवलेला, चमक गेली होती एवढंच. पोरांना दोष देत नाही, ते बघतात त्या व्हिडिओंत घासणं दहा सेकंदात उरकतात आणि रेझिन ओतणं दहा मिनिटं दाखवतात. आमच्याकडे तरी काय वेगळं, घासायचं काम नवीन पोराला देतात आणि का घासायचं ते कोणी सांगत नाही.

पण मला टोचतंय ते वेगळंच. लेअपच्या आधी मुलीने ओल्या फडक्याने ट्यूब पुसली आणि म्हणाली, सर, पाणी मुरत का नाहीये, थेंब नुसते उभे राहतायत. मी म्हटलं, अगं कोरडं करून घे पटकन. पृष्ठभाग स्वच्छ आहे का ते बघायला मेटलवर पाणी टाकून थेंब उभे राहतात का हे मी स्वतः बघतो, उभे राहिले तर तो तयार नाही, कित्येक वर्षं, आणि तिने ते समोर आणून ठेवलं तर मी घड्याळ बघत होतो. वर सीनियरने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ट्यूब जुनी होती.

दुसरी ट्यूब परवा केली. ब्लेडने ग्लासिनला चीर देऊन, सांध्याच्या रेघेने पट्टी पट्टी सोलून काढली, मग मास्क लावून ८० आणि १२० ने घासली, पाण्याचं बोट लावलं तर पुठ्ठा लगेच काळपट ओला झाला. पूर्ण सुकू दिली आणि मगच कापड. आज स्लॉट कापले, कडा स्वच्छ आल्या, नख कुठेच शिरलं नाही. मुलीने विचारलं, सर पहिल्या वेळी नक्की काय चुकलं? मी कागदाचा थर सांगितला. थेंबांचं बोललो नाही, शनिवारी ती फिन चिकटवायला येतेय तेव्हा आधी तेच सांगायचंय, आणि सीनियरलाही.