शीड बदलतं, होडी तीच

महोत्सवी अंकातलं हे लिखाण खास आपल्या मुलींसाठी. खाडीकाठच्या आपल्या शाळेत वारा ओळखणाऱ्या मुली पुष्कळ. पण शिडाच्या होडीच्या शर्यतीत कारकीर्द करता येते, हे त्यांच्या कानावर सहसा पडत नाही.

सुरुवात ऑप्टिमिस्ट या मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीवर होते. ती पंधरा वर्षांपर्यंतच. मग एकटीने चालवायची आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर. होडी तीच, 4.23 मीटरची, बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग. आयएलसीए 4 चं शीड 4.7 चौरस मीटर, 6 चं 5.76. भोपाळला तयार झालेल्या नेहा ठाकूरने 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं ते 4 वर. ऑलिंपिकला महिलांसाठी 6.

मोठ्या शिडावर मुली अडतात त्या हाइकिंगमध्ये. पाय पट्ट्यात अडकवून अख्खं अंग होडीबाहेर तोलायचं असतं. मांड्या भरून आल्या की अंग आत येतं, होडी कलते, सुकाणू जड होतं. ते जोराने ओढून धरलं की वेग मेलाच. अशा वाऱ्यात व्हँग, म्हणजे शिडाखालची आडवी काठी खाली खेचणारा दोर, घट्ट हवा; कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली ओढणारा दोर, ताणून शीड चपटं करायला हवं. झोत आला की मेनशीट, म्हणजे शीड आत-बाहेर करणारी दोरी, वीतभर सोडायची, होडी सपाट झाली की लगेच ओढायची. होडी उलटलीच, तर आधी मेनशीट मोकळी करा, मगच डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात जाणाऱ्या उभ्या फळीवर, पाय द्या. नाहीतर वर येणारं शीड वारा धरतं आणि होडी पुन्हा पालथी.

चेन्नईची नेत्रा कुमानन ही ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली आपली पहिली महिला सेलर. 2020 मध्ये मायामीच्या विश्वचषकात तिला कांस्य मिळालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती 35वी होती, पॅरिसच्या वेळी मार्सेयला 21वी. मला ही चढण पदकाइतकीच मोलाची वाटते. या शर्यतींत गुण जितके कमी तितकं चांगलं: पहिलीला 1 गुण, दहावीला 10, आणि सर्वांत वाईट निकाल एकच वगळतात. दोन शर्यती बिघडल्या तर त्यांतला एक वाईट निकाल पदरात राहतोच. म्हणून इथे सातत्य लागतं. नेदरलँड्सच्या मारित बाउमेस्टरने 2012 ते 2024 सलग चार ऑलिंपिक पदकं जिंकली, त्यांत दोन सुवर्ण; शेवटचं सुवर्ण आई झाल्यावर.

महोत्सवी निधीतून शाळेने दोन ऑप्टिमिस्ट आणि सोबतीला एक इंजिनाची बोट घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती. इंजिनाची बोट पाण्यात नसेल, तर शिडाची होडीही उतरवू नये.