चावरा ससा आणि शनिवारचा सर्जन

आमचा ससा बंड्या मादी आहे. विकणाऱ्यानं नर म्हणून दिला, पोरांनी नाव ठेवलं, आणि डॉक्टरांनी उलटं सांगेपर्यंत ते तोंडात बसलं होतं.

सहा महिन्यांची होईपर्यंत मांडीवर झोपणारी ही बया एकदम बिथरली. पिंजऱ्यात हात घातला की घुर्र करून अंगावर यायची, पुढच्या पायांनी फटके मारायची, आणि तरी हात मागे घेतला नाही तर चावा. पाण्याची वाटी उचलताना अंगठ्याखाली असा चावली की भांडी घासताना आठवडाभर साबण झोंबत होता. मधूनच छातीचे केस उपटून, पेपरच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात घरटं करायची. पिल्लं मात्र कुठंच नाहीत. ही खोटी गाभण, सशांच्या माद्यांत हे नेहमीचं. वयात आली की जागेवर हक्क सांगते, त्यात हे, मग चावणार नाही तर काय करेल?

सासूबाई म्हणाल्या, "शेतात सोडून या, जाईल आपल्या जातभाईंत." पण आपल्या रानातला ससा वेगळा, हा पाळीव वेगळा. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी फाडली असती.

यावर उपाय म्हणजे ऑपरेशन करून अंडाशय आणि गर्भाशय काढणं, आणि खरा छळ तिथून सुरू झाला. सोलापुरात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांचे डॉक्टर भरपूर. ससा म्हटलं की, "आम्ही करत नाही ताई." शेवटी एका दवाखान्यानं हो म्हटलं. सर्जन बाहेरून येतात, शनिवारी या. जुळे सोलापूरवरून रिक्षात टोपली घेऊन गेले. बाकावर दोन्ही बाजूंना भुंकणारी कुत्री, मधे टोपलीत बंड्या कान पाठीला चिकटवून थिजलेली. दुपार उलटल्यावर निरोप आला, "आज कुत्र्यांच्या केसेस जास्त झाल्या, पुढच्या शनिवारी." पुढच्या शनिवारी सर्जनच आले नाहीत, आणि फोन करून कळवावं असं कुणाला वाटलंही नाही.

नंतर एकदा सर्जन आले, नंबरही लागला, तर कंपाउंडर विचारतो, "रात्रीपासून उपाशी ठेवलंय ना?" नाही ठेवलं म्हटलं, सशाला ठेवायचंच नसतं. "भुलीत उलटी झाली तर जबाबदार कोण?" अहो, सशाला उलटी होतच नाही! उलट पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं आणि त्यातच ससा जातो. हे मी त्या बाकासमोर उभं राहून, सगळी कुत्रेवाली मंडळी बघत असताना, तीनतीनदा सांगितलं. आतून सर्जन बाहेर आलेसुद्धा नाहीत. "आमच्याकडं नियम आहे मॅडम." वर तो कंपाउंडर म्हणतो, आलाच आहात तर गोचिडाचे थेंब टाकू का मानेवर? कुत्र्यांच्या त्या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं, सशाला ते विषारी. टोपली उचलली आणि घरी आले. अजून तो रस्ता आला की डोकं तापतं.

शेवटी पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोनवर आपणहून सांगितलं, सोबत तिचं नेहमीचं गवत आणि कोथिंबीर आणा. तिथंच मी निश्चिंत झाले. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून दिरांच्या गाडीनं पहाटे चारला निघालो, इंदापूरला उजाडलं. उन्हाळ्यात नेत असाल तर असंच करा. सशाला तिशीच्या वरचं तापमानसुद्धा सोसत नाही, आपल्याकडं तर चाळिशी. डॉक्टरांनी आधी दात बघितले, कारण दाढा टोचत असल्या तरी ससा चावतो. ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी लेंड्या पडल्या तेव्हा मी गणपतीला नारळ कबूल केला. (हसू नका, भुलीनंतर खाणं आणि लेंड्या हेच बघायचं असतं.) मादीला वयानुसार गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, तोही टळला.

ऑपरेशन झालं म्हणजे लगेच गाय होते असं नाही. हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. तोवर आणि नंतरही, पिंजरा ती बाहेर असतानाच झाडायचा. नाकासमोरून हात न्यायचा नाही, तिथलं तिला दिसत नाही, म्हणून दचकून चावते. बाजूनं जाऊन कपाळावर हात ठेवायचा. मारायचं तर नाहीच, आणि कान धरून उचलायचं नाही, पाहुण्यांनाही सांगून ठेवायचं. मी सुरुवातीला जाड हातमोजे घालत होते. आता बंड्या हाताखाली डोकं घालून बसते. सासूबाईंचा झाडू जवळ आला की मात्र घुर्र अजून आहे, आणि त्यात मी तिला दोष देत नाही.

परवा त्या दवाखान्यातून फोन आला. शनिवारी सर्जन येणार आहेत, ससा आणता का?