मेजर, मायनर आणि उरलेले विषय: प्रवेशाआधी क्रेडिटचा तक्ता वाचा

बीए, बीएससीच्या प्रवेशाला "विषय कोणते घेऊ?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शोधण्याआधी कॉलेजचा क्रेडिटचा तक्ता मागून घ्या. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, तासांवरून ठरवलेलं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात साधारण २२ क्रेडिटचं एक सेमिस्टर, म्हणजे तीन वर्षांत १३२ क्रेडिट, असा हिशोब बऱ्याच ठिकाणी आहे.

थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा, प्रॅक्टिकलचा ३० तासांचा. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये इतिहासाचे चार क्रेडिट म्हणजे आठवड्याला चार लेक्चर. रसायनशास्त्राचे दोन थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल असे चार क्रेडिट मात्र आठवड्याचे सहा तास खातात, आणि जर्नल (प्रयोगांची वही) लिहायचा वेळ त्यात धरलेलाच नाही. प्रयोगांचे तीन विषय एकत्र घेऊन वर दुपारची नोकरी करायची असेल, तर आधी टाइमटेबल बघा. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला अडवतात.

काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. त्यातला मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या वर्षी ठरतो आणि तिसरा सुटतो. नेमकं काय सोडताय ते इथे पाहावं. फिजिक्स मेजर ठेवून गणित सोडणं तेव्हा हलकं वाटतं, पण एमएससी फिजिक्सला पदवीपर्यंत गणित असण्याची अट अनेक ठिकाणी असते. बीएड करायचं असेल तर पदवीचे विषय शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयांशी जुळतात का, तेही आत्ताच तपासा.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या पसंतीचा जादा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. तो 'स्कोअरिंग' आहे किंवा मित्राने घेतलाय म्हणून निवडणारे बरेच. त्यापेक्षा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्राथमिक संख्याशास्त्र घ्यावं, पुढे संशोधन पद्धतीच्या पेपरला तेच लागतं. संख्याशास्त्रवाल्याने अर्थशास्त्र घ्यावं. कॉलेजात तो पर्याय मिळतोच असं नाही; लहान कॉलेजात दोन-तीनच ओपन इलेक्टिव्ह चालतात. आणि हा विषय 'साइडचा' समजू नका. त्यात नापास झालात तर ते क्रेडिट अडकतात आणि पुन्हा परीक्षा द्यावीच लागते.

एक वर्ष करून बाहेर पडलं की आपोआप सर्टिफिकेट हाती पडतं, असं नाही. पहिल्या वर्षाच्या क्रेडिटांखेरीज चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' (संशोधनासह ऑनर्स पदवी) करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षाचे गुणही मोजा.

क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीतल्या तुमच्या खात्यात, आणि तिथे घोळ होतो तो नावाचा. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. डिजिलॉकरवरून या खात्याचा आयडी काढण्याआधी आधारवरचं नाव मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, दुरुस्ती असेल तर ती आधी. परीक्षेचे फॉर्म सुरू झाल्यावर त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसात कुणाला वेळ नसतो.