कोळशाच्या पेन्सिलीवर चाललेले आमचे दुकान

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात १९९८ पासून मी दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवीत होतो. पुढे रातोरात छापून मिळणाऱ्या फ्लेक्सने ते काम हिरावले आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेपुरते शिकलेले रेखाटन, ज्याला घरात कोणी धंदा मानत नव्हते, तेवढेच हाती उरले. २०१४ साली शेजारच्या गावातील एक शेतकरी आईच्या तेरवीसाठी चित्र मागायला आले. म्हातारीचे छायाचित्र एकच होते, तेही आधार कार्डावरचे, अंगठ्याच्या नखाएवढे.

ते चित्र मी आधी शिसपेन्सिलीने काढले. पण ग्रॅफाइट दाबावे तितके चकाकते, त्यामुळे खिडकीच्या उजेडात लुगड्याचा गडद काठ पांढुरका दिसू लागला आणि मी नवा कागद घेऊन कोळशाच्या पेन्सिलीकडे वळलो. कोळशाचा काळा चमकत नाही. फोटो मोठा केल्यावर गालाच्या जागी नुसते ठिपके उरले होते, म्हणून म्हातारीच्या धाकट्या बहिणीला दारातल्या उजेडात बसवून जबड्याची ठेवण पाहून घेतली. कपाळावरचे गोंदण फोटोत दिसतच नव्हते; ते सुनेने सांगितले.

आजही आमची पद्धत तीच आहे. फोटोवरून चित्र मोठे करताना कागदावर आखायच्या चौकटी शिसपेन्सिलीने आखत नाही, कारण ग्रॅफाइटच्या रेघेवर कोळसा नीट बसत नाही. विलो झाडाच्या डहाळ्या जाळून केलेल्या नरम काडीने आखल्या की त्या फडक्याने सहज झटकल्या जातात. सुरकुती म्हणजे काळी रेघ नव्हे, हे उमजायला मला दोन वर्षे लागली. ती सावली असते आणि तिच्या कडेला उजेडाची बारीक घडी असते, म्हणून कागदी स्टंपने, म्हणजे कागदाच्या घट्ट गुंडाळलेल्या टोकदार कांडीने, सावली पसरवायची आणि कणकेसारखे मळता येणारे खोडरबर चिमटीत टोकदार करून तेवढाच कोळसा उचलून घ्यायचा. बुबुळातला पांढरा ठिपका मात्र कोरा कागदच असतो. तो एकदा काळवंडला की पुन्हा तितका पांढरा होत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात एक फ्रेम परत आली. काच थेट कागदावर बसवल्यामुळे आजोबांच्या मिशीचा कोळसा काचेवर उतरला होता. चूक आमचीच होती. नवे चित्र विनामूल्य दिले. तेव्हापासून पत्नी फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, पातळ थर देऊन, भोवती जाड पुठ्ठ्याची किनार म्हणजे माउंट लावून काच कागदापासून दूर ठेवते, आणि फ्रेमचे सगळे काम आता तिच्याकडेच आहे.

निम्मी रक्कम आम्ही आगाऊ घेतो. उरलेली बहुधा कापूस विकल्यावर येते आणि ती बुडाल्याचे प्रसंग, नवल वाटेल, पण बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. २० डिसेंबरच्या गाडगेबाबांच्या पुण्यतिथीआधी शाळांची मागणी वाढते.

खरी अडचण मे महिन्याची. पारा ४५ अंशांवर जातो, पण कूलर लावता येत नाही, कारण वाऱ्याने भुकटी उडते आणि ओलसर हवेने कागद सैल पडतो. म्हणून आम्ही पहाटे पाचलाच मनगटाखाली कोरा कागद घेऊन बसतो आणि दहा वाजता शटर ओढून घेतो.