लंगरची सुरी

कंपनीची सगळी हत्यारं ज्या कुलूपबंद खोलीत असतात, तिला फौजेत कोत म्हणतात. तिची किल्ली माझ्या कमरेला. सकाळ-संध्याकाळ गिनती, रजिस्टरवर सही, पुन्हा कुलूप. रायफल सहसा हरवत नाही, कोताबाहेर असली की जवान तिला उशाला घेऊन झोपतो. हरवते ती संगीन, रायफलीच्या टोकाला चढवायचं पातं. पट्ट्याला लटकते, चढताना झुडपात अडकते, बसताना मांडीला टोचते. मग पोरं ती काढून पाठीवरच्या पिट्ठूत कोंबतात आणि विसरतात. संगिनीवर नंबर असतो. नंबरची वस्तू गेली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि पहिला प्रश्न कोत एनसीओला, म्हणजे कोत सांभाळणाऱ्या मला.

म्हणून मी संगिनींना जपत होतो. थंडीत तेल घट्ट होतं, पातं म्यानात चिकटतं, त्यामुळे बोटानं पुसट हात फिरवायचा, मग कोरड्या चिंधीनं बहुतेक सगळं पुसून काढायचं. रायफलीवर चढवताना कॅचचा ‘टक्’ आवाज स्वच्छ आला पाहिजे. मी डोळे मिटून सांगायचो कुठल्या संगिनीचा कॅच ढिला आहे. धार मात्र कुणालाच लावू द्यायचो नाही. वरून हुकूमच तसा होता, आणि मलाही तो पटत होता. धारदार संगीन म्हणजे दर महिन्याला कुणाचं तरी बोट.

पीर पंजालमधल्या त्या चौकीवर कागलकडचा एक पोरगा दगड घेऊन कोताच्या दारात आला होता. “उस्ताद, जरा धार काढू का? साधी सुतळी तुटत नाही हिनं.” मी त्याला झापला. “संगीन खुपसायला असते रे, कापायला नाही. भाजी चिरायचीय का तुला?” शेजारचे हसले. वर मी साहेबांच्या कानावरही घातलं, त्याला दोन दिवस जादा पहारा लागला.

मी म्हणालो ते खोटं नव्हतं. आमच्या संगिनीची घडणच टोकासाठी असते, पातं जाड, कड बोथट. भरती झाल्यावर बेळगावात आम्ही पेंढ्याच्या पोत्यांवर ती खुपसली, घसा फुटेस्तोवर महाराजांचा जयजयकार केला. त्यानं अंगात काहीतरी भरतं, हे मी नाकारणार नाही. पण सतरा वर्षांत संगिनीनं शत्रूला लोळवलेला एकही जवान मी पाहिला नाही. तुपाचे डबे फोडलेले पाहिले. पेट्यांच्या तारा उपसलेल्या पाहिल्या, आणि त्यात मोडलेली दोन टोकंही. एकदा सुरुंगाच्या शंकेनं पोटावर झोपून संगिनीनं बोट-बोट जमीन चाचपत गेलेले पाहिले. टोक तिरकं घालायचं, सरळ खाली दाबायचं नाही. संगिनीचं मला दिसलेलं सगळ्यात जिवाचं काम तेवढंच. जखमीचे कपडे कापायलासुद्धा नर्सिंग असिस्टंट कात्री घेतो, बोथट नाकाची, कारण हात थरथरत असताना सुऱ्याचं टोक मांसात जातं.

आता भरतीची तयारी करणारी पोरं मला मोबाईलवर कमांडो चाकू दाखवतात. पाठीला करवत, मुठीत होकायंत्र. मुठीत होकायंत्र बसवायचं म्हणजे मूठ पोकळ, आणि पोकळ मुठीचा चाकू जोर लावला की बुडाशी मोडायची भीती. मी त्यांना आमच्याच मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांचं सांगतो. माणगावकडचे. १० जुलै १९४४, इटली. मशीनगनच्या माऱ्यात बाकीचे पडले, हे एकटे शत्रूच्या मोर्चावर धावून गेले. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपलं. तिथंच त्यांना वीरमरण आलं, मागून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०१० साली अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजेतल्या गुरखा सार्जंटनं, दीपप्रसाद पुन यांनी, भिंत चढून आलेल्याला मशीनगनचा ट्रायपॉड हाणला. खुकरीवाला गुरखा असून! गलवानमध्ये २०२० साली काय चाललं ते सगळ्यांना माहीत आहे: गज, खिळे ठोकलेले दंडुके, दगड. त्या क्षणी माणूस हातात असेल ते हाणतो, कमरेचं काढत बसत नाही. संगिनी लावून चढाई अजिबात होत नाही असंही नाही; २००४ साली इराकमध्ये अमाराजवळ ब्रिटिशांनी केली. पण अमेरिकेच्या लष्करानं २०१० मध्ये नव्या रंगरुटांच्या शिक्षणातून संगिनीचा हल्ला काढून टाकला, तो उगाच नव्हे.

हे सगळं मी छान बोलतो. त्या जानेवारीतल्या सकाळचं मात्र पोरांना सांगत नाही.

रेशन घेऊन आम्ही नऊ जण वरच्या चौकीकडं निघालो होतो. नाल्याच्या कडेनं वाट, रात्रीच्या बर्फाखाली काच झालेली. माझ्यापुढचा तिसरा जवान घसरला. ओरडलाही नाही. सात-आठ हात खाली एका तुटक्या देवदाराच्या खुंटात त्याचा पिट्ठू अडकला आणि तो लोंबकळला. खांद्याचा पट्टा वर सरकून गळ्याखाली बसला होता. खाली पाय टेकायला काही नाही. बकल बर्फानं गोठलेलं, आणि त्याचं सगळं वजन त्यावर.

कागलचा पोरगा दोर बांधून आधी उतरला. एका हातानं खुंट धरला, दुसऱ्यानं संगीन काढली. माझी संगीन, मी आदल्या संध्याकाळी पुसलेली. पट्ट्यावर लावून दाबली, ओढली. पट्टा नायलॉनचा, ओला होऊन गोठलेला. पातं त्याच्यावरून नुसतं सरकत होतं. पट्टा दबायचा, दुमडायचा, पुन्हा सरळ व्हायचा. एकेक धागा पांढरा होऊन वर यायचा, तुटायचा नाही. वरून मला फक्त घसटण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि लटकलेल्याच्या बुटांचा खुंटावर आपटण्याचा. मग बूट आपटायचे थांबले.

आमच्यात लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, जतचा कुक होता. त्यानं आपली पिशवी बर्फात उपडी केली. बटाटे घरंगळत नाल्यात गेले. त्यातून सुरी निघाली, कांदा चिरायची. धार लावून लावून पातं बोटाएवढं उरलेलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. रोज सकाळी तो ती चिनी मातीच्या बरणीच्या बुडाला घासायचा, त्या आवाजाला मी शिव्या घालायचो. दोराला बांधून खाली सोडली. पोरानं ती घेण्यासाठी संगीन हातातून टाकली. टाकलीच, दुसरा हात कुठं होता?

पट्टा दोन ओढीत तुटला.

तो वाचला. आवाज मात्र कित्येक महिने घोगरा राहिला. कुकनं संध्याकाळी पहिली गोष्ट विचारली ती, “माझी सुरी कुणाकडंय?”

दुसऱ्या दिवसापासून अर्धी कंपनी नाल्यात काठ्यांनी बर्फ टोचत होती. संगीन मिळाली नाही. चौकशीत कागलच्या पोराला विचारलं, संगीन हातातून का सुटली. मला विचारलं, इश्यू कधी केली, कॅच ठीक होता का, म्यान जमा आहे का. मी सगळी उत्तरं बरोबर दिली. धार होती का, हे कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. पोरगा माझ्याच शेजारी सावधानमध्ये उभा होता. दगड घेऊन आला होता, हे तोही बोलला नाही. पगारातून पैसे कापले गेले त्याचेच. सुरीचा कागदावर कुठंच उल्लेख नाही, कारण ती सरकारी नव्हती.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर एका पोर्टरनं संगीन आणून दिली. मूठ शाबूत, पात्यावर तांबडा गंज. मी संध्याकाळभर बसून ती घासली, तेल लावलं, रायफलीवर चढवून पाहिली. टक्. नंबर जुळला. कड अंगठ्यावरून फिरवली, तशीच होती. रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: सर्व्हिसेबल.