ट्रिमिंगवाली जेनी

अण्णा मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना काय दाखवायचं हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यातच पडला. नायगारा झाला. शिकागोच्या उंच टॉवरवरही नेलं. तिथे काचेला टेकून त्यांनी खाली बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ते रूळ दिसतात, त्यावरच्या गाड्या कुठे जातात?"

तेव्हाच ठरवलं, अण्णांना पुलमनला न्यायचं.

आधी अण्णांविषयी सांगते. अण्णा मुंबईत रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात ट्रिमिंग शॉपला होते. आगगाडीचा डबा पीओएचला, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला आला की फिटर, वेल्डर, सुतार, रंगारी आपापल्या कामाला लागतात. बर्थच्या गाद्या, सीटचं रेक्झिन, पडदे हे मात्र ट्रिमिंगवाल्यांचं. जुनं रेक्झिन उसवायचं, आतला काथ्या हाताने दाबून बघायचा, बसला असेल तर बदलायचा, नवं रेक्झिन बेतायचं, शिवायचं आणि ताणून बसवायचं. कोपऱ्यावर सरळ सुई चालत नाही, तिथे अर्धगोल वाकडी सुई लागते. त्या सुईने अण्णांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कायमचा घट्टा पडलाय. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली तरी तो गेलेला नाही.

आणि त्यांची एक डायरी आहे. शॉपमधल्या एकेका माणसाचं नाव, पुढे टोकन नंबर, पुढे खातं. कुणी गेल्याचं कळलं की नावासमोर तारीख घालतात. शिकागोला येतानाही ती डायरी शर्टाच्या खिशातच होती.

पुलमन हा आता शिकागोच्या दक्षिण भागातला एक मोहल्ला आहे, १११ व्या रस्त्याजवळ. जॉर्ज पुलमन हा आगगाडीचे झोपायचे आलिशान डबे बनवणारा कारखानदार. १८८० साली त्याने कॅल्युमेट तळ्याकाठी चार हजार एकर जमिनीवर कारखाना आणि त्याला लागून कामगारांसाठी अख्खं गाव बांधायला घेतलं. सोलोन बेमन नावाच्या एका तरुण वास्तुविशारदाने ते सगळं आखलं. विटांच्या ओळीने बांधलेल्या घरांत तेव्हाच पाण्याचा नळ आणि गॅस होता. कचरा उचलला जायचा. बाजाराची इमारत, ग्रंथालय, हिरवट दगडाचं चर्च, मालकाच्या मुलीच्या नावाचं हॉटेल फ्लोरेन्स. त्या काळी शिकागोतली कामगारवस्ती कशी असायची हे ज्याने वाचलंय, त्याला ही घरं बघून जॉर्ज पुलमनचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. मलाही वाटलं. ते घाईने पुसून टाकावं असं मला वाटत नाही, कारण पुढचं सगळं त्यामुळेच कळतं.

अण्णा घरांच्या पुढच्या बाजूला थांबलेच नाहीत. थेट मागच्या गल्लीत गेले. "घर बघायचं तर मोरीकडून बघावं," म्हणाले. मग विचारलं, "भाडं कोण घ्यायचं?"

कंपनीच. गावातलं एकही घर कामगाराला विकत मिळत नव्हतं. चर्चसुद्धा भाड्याचं, आणि भाडं एवढं की सुरुवातीला ते रिकामंच पडून होतं. ग्रंथालयाची वर्गणी वर्षाला तीन डॉलर. पगार गावातल्या बँकेत मिळायचा, ती बँकही कंपनीची. पुढे राज्यात कायदा झाला की पगार पूर्ण द्यायला हवा, तेव्हा कंपनी दोन चेक देऊ लागली, एक भाड्याच्या रकमेचा आणि एक उरलेल्याचा. भाड्याचा चेक त्याच खिडकीवर सही करून परत द्यायचा.

आम्हीही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दोन खोल्या. भाडं अण्णांच्या पगारातून कापलं जायचं, पण ते इतकं थोडं की आईने कधी हिशेबात धरलं नाही. म्हणून पुलमनची ही व्यवस्था पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. वावगं दिसतं ते १८९३ नंतर.

त्या वर्षी शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने जुलैमध्ये फ्रेडरिक टर्नर या तरुण इतिहासकाराने निबंध वाचला, की अमेरिकेची पश्चिमेकडे सरकत जाणारी सीमा आता संपली. तीस वर्षं सगळा देश पश्चिमेला धावत होता. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत होती आणि रेल्वे कंपन्यांना सरकारने एकूण सुमारे १३ कोटी एकर जमीन देऊन टाकली होती. ही जमीन मोकळी नव्हती. लकोटा, शायान, पॉनी अशा कितीतरी मूळ रहिवासी लोकांची ती होती. रूळ गेले, मागून वसाहती गेल्या, धान्य आणि गुरं शिकागोला येऊ लागली, आणि त्या रुळांवरून पैसेवाले लोक पुलमनच्या डब्यातल्या मखमली गाद्यांवर झोपून कॅलिफोर्नियाला जाऊ लागले. मग १८९३ ची मंदी आली. रेल्वे कंपन्या बुडाल्या, नव्या डब्यांची मागणी आटली.

पुलमनने पगार सरासरी पाव हिश्शाने कापले. घरभाडं एक सेंटही कमी केलं नाही. त्याचं म्हणणं, मालक म्हणून मी वेगळा आणि घरमालक म्हणून वेगळा, दोन्हींचा संबंध नाही. त्याच काळात भागधारकांना लाभांश मात्र आठ टक्क्यांनी पोचत होता. तिथले पाद्री कार्वर्डाइन यांनी एका कामगाराचा चेक सांगितलाय. भाडं वजा जाऊन त्याच्या हातात दोन सेंट आले. त्याने तो चेक वटवला नाही, चौकट करून ठेवला.

हॉटेल फ्लोरेन्ससमोरच्या बाकावर बसून मी हे अण्णांना सांगत होते. तोवर ते नुसतं ऐकत होते. मग मी जेनी कर्टिसचं सांगायला लागले.

जेनी शिवणकाम करायची. डब्यांसाठी गालिचे, पडदे, गाद्यांची आवरणं शिवणाऱ्या मुलींच्या खात्यात. तिचे वडीलही कंपनीतच होते. ते आजारी पडले, तीन महिने अंथरुणावर होते आणि १८९३ च्या सप्टेंबरात वारले. तेव्हा घरभाड्याचे साठ डॉलर थकले होते. कंपनीने ते जेनीवर घातले. दर पगाराला जमेल तेवढं द्यायचं. दोन आठवड्यांच्या कामाचे नऊ-दहा डॉलर मिळायचे, त्यातले सात तिच्या राहण्याजेवणाला, उरलेले दोन-तीन मेलेल्या बापाच्या भाड्याला. ज्या आठवड्यात देता आले नाहीत, त्या आठवड्यात बँकेतले कारकून वाटेल ते बोलायचे. एवढं करून पंधरा डॉलर देणं राहिलंच होतं.

अण्णा बाकावरून उठलेच. "अगो, ही तर आमची ट्रिमिंगवाली!"

मग त्यांनी मला प्रश्नांनी हैराण केलं. मखमल की चामडं? आत काय भरायचे? तुकड्यावर मजुरी की रोजावर? तुकड्यावर, असं सांगितल्यावर मान हलवली. "मखमल उलट्या हाताने कापली तर वाया जाते. तुकड्यावर काम करणारीने घाई केली की मखमल जाणार, आणि मखमल गेली की बोलणी खायची." एका पोरीचं अख्खं आयुष्य त्यांना त्या मखमलीच्या बाजूने दिसलं. इतकी पुस्तकं वाचून मला ते दिसलं नव्हतं.

१८९४ च्या मे महिन्यात कामगारांचं शिष्टमंडळ पगाराविषयी बोलायला गेलं. पाठोपाठ त्यातल्या तिघांना कामावरून कमी केलं आणि ११ मे रोजी संप सुरू झाला. जेनी मुलींच्या शाखेची अध्यक्ष होती. जूनमध्ये शिकागोत युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनचं अधिवेशन होतं, तिथे ती बोलायला उभी राहिली. अधिवेशनाने ठरवलं, पुलमनचा डबा जोडलेली गाडी आम्ही चालवणार नाही. २६ जूनपासून ते सुरू झालं आणि शिकागोहून पश्चिमेला जाणारी वाहतूक थांबली. २७ राज्यं आणि प्रांतांत मिळून अडीच लाखांच्या आसपास कामगार यात उतरले. शिकागोत संपाच्या बाजूचे लोक कोटाला पांढरी फीत लावून फिरायचे. महापौर हॉपकिन्स यांच्या दुकानाकडून संपकऱ्यांना पीठ आणि मांस गेलं.

पिठाचं ऐकून अण्णांना १९७४ आठवलं. देशभरचा रेल्वेचा संप, मे महिन्यातले वीस दिवस. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्या वीस दिवसांची कुळथाची पिठी आई मरेपर्यंत सांगायची. "वाण्याने एकदासुद्धा वही पुढे केली नाही," अण्णा म्हणाले. त्या वाण्याचं नावही डायरीत आहे, टोकन नंबराशिवाय.

संप सरकारने मोडला. न्यायालयाचा मनाईहुकूम आला, पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लष्कर उतरवलं. शिकागोतल्या फौजेचे प्रमुख जनरल नेल्सन माइल्स. हेच माइल्स साडेतीन वर्षांपूर्वी लकोटांवरच्या मोहिमेचे सेनापती होते, ज्या मोहिमेत वुंडेड नी या ठिकाणी लकोटांची कत्तल झाली. पश्चिमेची जमीन रिकामी करणारा हात आणि शिकागोतले रूळ मोकळे करणारा हात एकच होता, हे मला शाळेच्या कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माणसं मेली, डबे जळाले, डेब्स तुरुंगात गेले. कामावर परत यायचं तर युनियन सोडल्याचं लिहून द्यावं लागलं.

एक गोष्ट मला फार लागते. याच युनियनने काळ्या कामगारांना सभासद करून घ्यायला नकार दिला होता. पुलमनच्या डब्यांत उतारूंचे बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक सगळे काळे, त्यातले कित्येक गुलामीतून सुटलेले किंवा सुटलेल्यांची मुलं. उतारू त्यांना मालकाच्या नावाने 'जॉर्ज' अशीच हाक मारायचे. जेनीने शिवलेली गादी ते रोज रात्री अंथरायचे, आणि तिच्या सभेत त्यांना जागा नव्हती. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची युनियन काढली आणि १९३७ मध्ये याच कंपनीला करारावर सही करायला लावली. बारा वर्षं. पुलमनला त्यांचं वेगळं संग्रहालय आहे, तिथे जरूर जा.

या संपात तडजोड करायला गेलेल्या लोकांत समाजसुधारक जेन अॅडम्स होत्या. त्यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर हल हाउस हे गरीब वस्तीतलं समाजकेंद्र सुरू केलं होतं. अमेरिकेतून मदत उभी करून परतलेल्या पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं ते त्याच वर्षी. अॅडम्स पुलमनला जाऊन जेनीसारख्या मुलींशी बोलल्या. कंपनीचं उत्तर आलं, लवादाकडे नेण्यासारखं काही नाहीच. संप चालू असतानाच त्यांची थोरली बहीण वारली, आणि गाड्या बंद असल्याने घरचे वेळेवर पोचू शकले नाहीत. तरी त्या संपकऱ्यांवर उलटल्या नाहीत. पुढे त्यांनी पुलमनची तुलना शेक्सपिअरच्या लिअर राजाशी केली. लेकीला सगळं दिलं, पण तिचं स्वतःचं मन असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. अमेरिकेतल्या समाजसुधारणेचं इतकं काही छापलं जातं, त्यात मला हे सगळ्यात खरं वाटतं. माणसाला चांगलं घर द्या, पण ते घर त्याच्या तोंडाला कुलूप होणार असेल तर तो त्यात सुखाने राहणार नाही.

१८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याला न लागणारी घरं विकायला लावली. जॉर्ज पुलमन त्याआधीच, १८९७ मध्ये वारला होता.

परतताना अण्णा गाडीत गप्प होते. घरी आल्यावर चहा झाला आणि त्यांनी डायरी काढली. "तिचं नाव मराठीत कसं लिहायचं?" मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं, जेनी कर्टिस. पुढे टोकन नंबराची जागा मोकळी ठेवली. आणि खात्याच्या रकान्यात, ट्रिमिंग.