उटीचं रोप जळगावात का जगत नाही

आज उटीचं बॉटॅनिकल गार्डन पाहिलं. १८४८ सालची बाग, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर. सगळी गर्दी २ कोटी वर्षं जुन्या म्हणून सांगितलेल्या दगड बनलेल्या झाडाच्या खोडापाशी! फोटो काढायचा अन् पुढे निघायचं, एवढंच त्याचं काम.

वेळ द्यावा तो ट्री फर्नला, म्हणजे झाडासारख्या उंच वाढणाऱ्या नेच्याला. खोड वाटतं त्याचा बाहेरचा जाड काळा थर म्हणजे वरून खाली उतरलेली मुळं, हात लावला की नारळाच्या काथ्यासारखी. शेंड्याला नवं पान गोगलगायीच्या शंखासारखं गुंडाळलेलं, अंगावर तपकिरी लव.

आता याचं रोप घेऊन निघालेल्या आपल्या खान्देशी मंडळींसाठी. नुसतं कुंडीत पाणी ओतून भागत नाही भाऊ, खोड भिजवावं लागतं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. कोरड्या हवेत कोवळं पान उलगडायच्या आतच टोकाकडून करपतं. बोअरचं जड पाणी टाळा, क्षार साठून कडा जळतात. पावसाचं साठवलेलं उत्तम. माती केळीच्या शेतातली काळी नको, ती पाणी धरून मुळं कुजवते. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, थोडे विटांचे तुकडे.

एवढं करूनही मे महिना अवघडच. दर १,००० मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. जळगाव २०० मीटरच्या आसपास, म्हणजे फरक १३ अंशांचा. शेडनेट ऊन अडवतं, रात्रीचा गारवा कुठून आणणार? हौस असेल तर स्टॅगहॉर्न फर्न (हरणाच्या शिंगासारख्या पानांचं नेचं) घ्या, लाकडी फळीवर बांधून उत्तरेच्या भिंतीला टांगा.